बर्फावर गरवायला जाताना

प्रश्न : आम्ही दोघं जानेवारीत मुलाकडे सॉल्ट लेक सिटीला जात आहोत. नात दहा वर्षांची, नातू सात वर्षांचा. एका रविवारी सगळ्यांनी स्ट्रॉबेरी नावाच्या गोठलेल्या धरणावर ट्राऊट मासे पकडायला जायचं, असं मुलाने ठरवलं आहे. मी वाशिष्ठीच्या काठी वाढले, तरी पाण्यावरून चालत जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. बर्फ भार धरेल हे कसं ओळखायचं? ह्यांना मधुमेह आहे, इन्शुलिन घेतात. आणि मुलगा म्हणतो, चांगला मोठा मासा लागला तर तो परत सोडावा लागतो. मग जायचं कशाला? खायचा नाही तर जिवाला गळ तरी का लावायचा? मिळालाच एखादा, तर तो आपल्या पद्धतीने कसा करावा?
— एक आजी, चिपळूण

उत्तर : ताई, स्ट्रॉबेरीवर मी गेले एकोणीस हिवाळे जातो आहे. माझं गाव आचरं. वडील खाडीत गरवायला जायचे आणि मी आमिषाचा डबा घेऊन त्यांच्या मागे. तुमच्या पोटातला गोळा मला कळतो. तो घालवायचा प्रयत्न करू नका, बर्फावर तो कामाला येतो.

तुम्ही चिपळूणच्या, म्हणून आधी एक गोष्ट सांगतो. कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला कृष्णेकडे जाणारं. ते सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरवलं आणि तुमच्या वाशिष्ठीला मिळालं. स्ट्रॉबेरीचं तसंच आहे. ही नदी कोलोरॅडोच्या खोऱ्यातली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यावर धरण बांधलं आणि डोंगरातून बोगदा काढून पाणी पश्चिमेच्या कोरड्या बाजूला, स्पॅनिश फोर्कच्या शेतीकडे वळवलं. पुढे १९७० च्या दशकात सोल्जर क्रीक धरण झालं आणि जलाशय कितीतरी मोठा झाला. म्हणजे तुम्ही उभ्या राहणार ते पाणी वाशिष्ठीच्या पाण्यासारखंच डोंगर ओलांडणारं.

आता बर्फ. तळं वरून गोठतं, खालून नाही. ४ अंश सेल्सिअसचं पाणी सगळ्यांत जड, ते तळाला बसतं. त्याहून थंड झालेलं पाणी वर राहतं आणि तेच गोठतं. म्हणून फूटभर बर्फाखाली मासे मजेत असतात आणि आपल्याला वर उभं राहता येतं. माणसाने चालायला निदान ४ इंच बर्फ लागतो, तोही काचेसारखा, खालचं काळं पाणी दिसावं असा. पांढरा, दुधाळ बर्फ म्हणजे त्यात भिजलेलं हिम आणि हवा मिसळलेली. त्याची ताकद निम्मीच धरायची, म्हणून जाडी दुप्पट हवी. जानेवारीच्या मध्याला स्ट्रॉबेरीवर बहुधा फूटभर किंवा जास्त बर्फ असतो. पण ‘बहुधा’वर नातवंडांना उभं करायचं नसतं. मोजायचं.

मोजायचं कसं, हे मी चूक करून शिकलो. तिसऱ्या वर्षी, डिसेंबर सरता सरता, मी मुलीला घेऊन गेलो होतो. ती तेव्हा आठ वर्षांची. काठापासून आत पावलांचे ठसे गेलेले दिसले. इतकी माणसं गेली आहेत म्हणजे बर्फ पक्का, असं मानून मी सरळ त्या ठशांवरून निघालो. ज्या बाजूला ओढा येऊन मिळतो तिथे माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाणी उथळ होतं, हाताखालचा बर्फ टिकला, मी बाहेर आलो. मुलगी दहा पावलं मागे होती. ‘बाबा, थांबू का?’ असं तिने विचारलं, तो आवाज मला अजून ऐकू येतो. ते ठसे आदल्या दिवशीच्या थंडीतले होते आणि ओढ्याचं वाहतं पाणी रात्रभर खालून बर्फ खात होतं.

तेव्हापासून मी ठशांकडे बघत नाही. मोठ्या माणसाने एकट्याने पुढे जायचं, हातात पहार घेऊन. दर काही पावलांवर पहार जोरात आपटायची. आरपार गेली की मागे फिरायचं. थोडं आत गेल्यावर गिरमिटाने भोक पाडून टेपने जाडी मोजायची, पुन्हा पुढे जाऊन मोजायची, आणि मगच मुलांना हाक मारायची. ओढ्याचं तोंड, धरणाची भिंत, जिथे वाफ किंवा ओल दिसते ती जागा, इथे जायचंच नाही. धरणातलं पाणी कमीजास्त होतं तसा काठाजवळचा बर्फ तडकतो, तेव्हा पहिली दहा-पंधरा पावलं सगळ्यांत जपून टाका. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीने बांधलेले दोन टोचे असू द्या. पाण्यात पडलंच कोणी, तर ते बर्फात रोवून पोटावर सरपटत बाहेर येता येतं. बाहेर आल्यावर उभं राहायचं नाही, आल्या वाटेनेच लोळत दूर जायचं. मुलाला हे वाचून दाखवा. तो म्हणेल मला ठाऊक आहे, तरी दाखवा.

आणखी एक. बर्फ आवाज करतो. ऊन वाढलं किंवा थंडी चढली की तो फुगतो-आक्रसतो आणि तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धडाम्, मग लांब गुरगुर ऐकू येते. जाड बर्फही असाच बोलतो. नुसत्या आवाजाला घाबरून पळायचं कारण नाही. हे नातवाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर दिवसभर आईला चिकटून बसेल.

स्ट्रॉबेरी समुद्रसपाटीपासून २३०० मीटरच्या वर आहे. आपलं कळसूबाई १६४६. तुम्हाला दोघांना चालताना धाप लागेल, सावकाश चाला, आणि निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. यजमानांचं इन्शुलिन पाठीवरच्या पिशवीत ठेवू नका. एकदा गोठलं की ते निकामी होतं, मग परत वितळलं तरी घ्यायचं नाही. अंगाला लागून, आतल्या खिशात ठेवा. साखर मोजायचं यंत्रही थंडीत चुकतं किंवा बंद पडतं, तेही आतच. खायला खिशात खजूर आणि लाडू. सुती कपडे अंगालगत नकोत, घामाने भिजले की थंडी हाडात शिरते. लोकरीचे किंवा थर्मल घाला, वर स्वेटर, त्यावर वारा न शिरणारं जाकीट. बूट एक नंबर मोठे घ्या, बोटं हलली पाहिजेत. हातमोज्यांचा जादा जोड प्रत्येकाला, कारण मुलं पहिल्या अर्ध्या तासात एक जोड भिजवतातच. काळा चष्मा विसरू नका. तंबूत शेगडी लावली तर झरोके उघडे ठेवा, जळणाऱ्या गॅसच्या न दिसणाऱ्या विषारी वायूने माणूस गुंगीत जातो आणि त्याला कळतही नाही.

परवाना बारा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, त्यामुळे नातवंडांचा प्रश्न मिटला. तुम्ही नुसतं बघणार असाल तर तुम्हालाही नको. दोरी हातात धरणार असाल तर काढावा लागेल. आणि ताई, धरा.

आता तुमचा खरा प्रश्न, जिवाला गळ का लावायचा. हा प्रश्न मी हलका मानत नाही. माझ्या वडिलांनीही आयुष्यात खाण्याजोगा मासा पाण्यात परत टाकला नव्हता.

स्ट्रॉबेरीत मुख्यतः दोन ट्राऊट मिळतात, रेनबो आणि कटथ्रोट. कटथ्रोटच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना केशरी-लाल चिरा असतात, त्यावरून ओळखायचा. मी जातो तेव्हापासूनचा नियम असा : कटथ्रोट १५ ते २२ इंचांच्या मधला असेल तर तो लगेच परत सोडायचा. १५ च्या आतले दोन ठेवता येतात, २२ च्या वरचा एकच, आणि सगळे मिळून माणशी चार मासे. नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने निघते, मुलाने जायच्या आधी ती पाहावी.

हे असं का? या तळ्यात यूटा चब नावाचा मासा माजला होता, आपल्या रोहू-कटल्याच्या लांबच्या नात्यातला. पाण्यातले बारीक जीव तो खाऊन टाकी आणि ट्राऊटच्या पिलांना काही उरत नसे. शेवटी १९६१ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये तळ्यात रोटेनोन घातलं. हे एका वनस्पतीच्या मुळांतून निघतं आणि माशांना पाण्यातला प्राणवायू वापरता येत नाही. आपल्याकडे गेळफळं ठेचून डोहात टाकतात आणि मासे गुंगून वर येतात, तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. इथे ते हजारो एकर पाण्यात केलं. चबबरोबर ट्राऊटही मेले. मग तळं नव्याने भरलं, आणि त्यासाठी मुद्दाम बेअर लेकचा कटथ्रोट निवडला. तो मोठा झाला की दुसरे मासे खातो. चब पुन्हा वाढले तर त्यांना आवरणारा, तळ्याचा राखणदार. राखणदारी करायला मासा मोठा हवा, म्हणून १५ इंचांच्या वरचे पाण्यात राहू द्यायचे. ते सगळे आपण तळून खाल्ले तर पुन्हा कधीतरी सगळं तळं मारावं लागेल.

माझ्या मुलीला पहिला मासा लागला तो १७ इंचांचा कटथ्रोट. तिने पट्टी दोनदा लावली. मग मी काही सांगायच्या आत तिने विचारलं, ‘हा चब खाणारा ना?’ आणि हातमोजा काढून हात त्या भोकात बुडवला. हात ओला असावा लागतो, कोरड्या हाताने माशावरचा बुळबुळीत थर निघतो. तिला आदल्या रात्री मी सांगितलं होतं.

सोडायचा तर नीट सोडला पाहिजे. मासा बर्फावर टाकून फोटो काढायचे नाहीत. उणे दहा अंशांत त्याचे कल्ले आणि डोळे क्षणात गोठतात, मग तो पोहत गेलेला दिसला तरी पुढे मरतो. शक्यतो पाण्यातच पकडीने गळ काढायचा. काटा दाबलेला, म्हणजे उलटं टोक नसलेला गळ मुलाकडून मागून घ्या. एवढं केलं नाही तर तुमचा आक्षेप अगदी बरोबर आहे, उगाच जिवाला त्रास.

गरवायचं तंत्र मुलगा दाखवेल. दहा ते पंचवीस फूट खोल पाण्यात, तळाच्या थोडं वर, पांढरं रबरी आमिष आणि टोकाला गांडुळाचा तुकडा, हे मला लाभलं आहे. दोन फुटी काठी. हलका झटका द्यायचा आणि थांबायचं. मासा बहुधा थांबल्यावर धरतो. पहाटे आणि सांजवेळी जास्त. भोकात सारखा बर्फाचा चुरा जमतो, तो काढायला झारा लागतो. दुकानात वेगळा मिळतो, पण मी आईचा जुना, भजी काढायचा झारा नेतो. हे काम नातवाला द्या, तो दिवसभर रमेल.

मासा करायचा कसा, ते सोपं आहे. ट्राऊटचे खवले इतके बारीक की काढावे लागत नाहीत. पोट साफ करा, कण्याला चिकटलेली काळसर शीर नखाने खरवडा, वरचा बुळबुळीतपणा मीठ आणि तांदळाच्या पिठाने चोळून धुवा. नाहीतर गोड्या पाण्यातल्या माशाचा वास राहतो. मांस कधी पांढरट, कधी गुलाबी-केशरी निघतं, दोन्ही चांगली. तुकड्या करू नका, अख्खा ठेवून दोन्ही बाजूंना चिरा द्या. आगळ, हळद, मीठ, लसूण आणि लाल तिखट लावून अर्धा तास. आगळाची बाटली दोन पिशव्यांत बांधून चिपळूणहूनच न्या. मग तांदळाचं पीठ आणि बारीक रवा लावून, जाड तव्यावर मध्यम आचेवर परता. आमच्याकडे बांगड्याला घालतो तेवढं तिखट याला नको, मासा नाजूक आहे. झाला की शेपटीकडून कणा उचला, बहुतेक काटे त्याच्याबरोबर निघून येतात. बारीक उरतात ते बोटांनी चाचपून काढा आणि मग नातवाच्या ताटात वाढा.