उबुंटू १८.०४ : केबल जोडली, पण वायर्ड नेटवर्क दिसतच नाही

पोर्टचा दिवा लागतोय, तरी 'आयपी लिंक' या नेटवर्क जोडण्या दाखवणाऱ्या कमांडमध्ये फक्त 'एलओ' (मशीनची स्वतःशीच असलेली अंतर्गत जोडणी) दिसतंय, म्हणजे केबल किंवा राउटर तपासत बसू नका. कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, नेटवर्क कार्डच ओळखता आलेलं नाही.

टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही मशीनमधली कार्डं दाखवणारी कमांड '-एनएनके' लावून चालवा आणि 'इथरनेट कंट्रोलर'ची ओळ शोधा. तिथे १०ईसी:८१२५ असेल तर ते रिअलटेकचं २.५ गिगाबिटचं कार्ड. खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नसेल, तर दुखणं तिथेच आहे. या कार्डाचा सपोर्ट आर८१६९ या कर्नलमधल्याच ड्रायव्हरमध्ये कर्नल ५.४ पासून आला, १८.०४ चं मूळ कर्नल ४.१५ आहे.

अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं नेट मशीनला देणं) चालू करा, बहुधा लगेच नेट येईल. मग 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-१८.०४' हे नव्या कर्नलचं पॅकेज एपीटीने (उबुंटूच्या पॅकेज टाकायच्या कमांडने) टाका आणि मशीन रीस्टार्ट करा. त्यातून ५.४ कर्नल मिळतं.

रिअलटेकच्या साइटवरचा ड्रायव्हर स्वतः कंपाइल करायचा सल्ला बरेच जण देतात. कृपया त्या भानगडीत पडू नका. डीकेएमएस (ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणारी सोय) नसेल तर प्रत्येक कर्नल अपडेटनंतर तो पुन्हा बांधावा लागतो, आणि सिक्युअर बूट (फक्त सही केलेला कोड चालू देणारी सुरक्षा) चालू असेल तर डिजिटल सही नसलेलं ड्रायव्हर मॉड्यूल लोडच होत नाही.