एकटीने कॅनू कॅम्पिंगला जायचंय, वजन ५० किलो आहे. सामान हलकं कसं करू, तंबू घेऊ की टार्प? आणि हलकी नाव वाऱ्यात उडते हे खरं आहे का?

तुम्ही तंबू की टार्प (दोऱ्यांनी ताणून डोक्यावर बांधायचं कापड) हे आधी विचारलंय आणि नाव शेवटी, मी उलटीकडून सुरुवात करते, कारण "हलकी नाव वाऱ्यात उडते, नवख्याने जडच घ्यावी" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसतं वाचलं तरी हात शिवशिवतात. साफ चूक आहे ते. आणि तुमच्यासारख्या ५० किलोच्या बाईला हे सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण पोर्टेजवर, म्हणजे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना मधल्या जमिनीवरून, ती नाव डोक्यावर घेऊन चालायला ते येणार नसतात.

हिशोब बघा ना. दोन माणसांची प्लास्टिकची कॅनू ३० किलोच्या पुढे सहज जाते. केवलारची (हलक्या, चिवट कृत्रिम धाग्याची) एकट्याची १४-१५ फुटी नाव १५-१६ किलोत मिळते, कार्बनची त्याहून हलकी. म्हणजे फरकच १५ किलोचा. लोक टायटॅनियमचा चमचा घेतात, टूथब्रशची दांडी कापतात, बॅगेचे पट्टे छाटतात, आणि हे सगळं ३० किलोच्या नावेत नेऊन ठेवतात! अख्खी स्वयंपाकाची पिशवी घरी ठेवलीत तरी १५ किलो वाचणार नाहीत. त्यात सगळं एका खेपेत नेता आलं नाही तर १ किलोमीटरचं पोर्टेज ३ किलोमीटरचं होतं, एकदा सामान घेऊन जा, रिकामे परत या, नाव घेऊन पुन्हा जा. हलकेपणा तिथे मोजायचा, दुकानातल्या काट्यावर नाही.

आता वाऱ्याचं. आमच्या ग्रुपमध्ये एक सीनियर होते, माणूस चांगला, हात पक्का, पण नाव जड हवी या मताचे, माझ्या नावेला ते सरळ 'खेळणं' म्हणायचे. एकदा आम्ही तिघं आपापल्या नावा घेऊन निघालो होतो, वाटेत लांब पोर्टेज होतं, सगळी ओली मुळं आणि गुळगुळीत दगड. मी नाव मांडीवर घेतली, पलीकडची कड धरली, गुडघ्याने झटका देऊन डोक्यावर पालथी घातली आणि पॅक पाठीवर ठेवूनच निघाले. पुढच्या टोकाला एक बारीक दोरी बांधून तिचं टोक मी हातात धरते, झाडी संपून उघड्यावर आलं की वारा नावेचं तोंड फिरवायला बघतो तेव्हा ती दोरी खाली ओढली की नाव सरळ राहते, खांद्याला पिळा बसत नाही. एका खेपेत मी पलीकडे. ते येईपर्यंत माझे पाय सुकले होते आणि ते आले तेव्हा त्यांना दम पुरत नव्हता.

पुढे तलावावर समोरून वारा सुटला, पांढऱ्या लाटा. ते म्हणाले आता बघ तुझं खेळणं कुठे जातं ते. मी पॅक पायाने पुढे ढकलला, दोरीने आडव्या दांडीला बांधला, सीटवरून उतरून गुडघ्यांवर बसले, एकपाती वल्हं बाजूला ठेवून दुपाती काढलं, आणि मधून न जाता वाऱ्याकडच्या किनाऱ्याच्या आडोशाने गेले. लांब पडलं, पण त्यांच्या आधी पोचले. कॅम्पवर ते एवढंच म्हणाले, "नशीब चांगलं तुझं." अजून डोक्यातून जात नाही ते वाक्य. त्यात नशीब कुठे आलं? एकटा माणूस मागे सरकून बसला की पुढचं टोक वर उचललं जातं, त्याच्यावर वारा शिडासारखा धरतो आणि नाव फिरते. ३० किलोच्या नावेचंही तेच होतं, उलट मोठ्या दोन-माणसी नावेची कड उंच म्हणून जास्तच होतं. वारा समोरून असेल तर वजन थोडं पुढे, मागून असेल तर थोडं मागे. नाव रिकामी असेल तर पाण्याने भरलेली पिशवी पुढे ठेवा, उतरताना ओतून टाका, पोर्टेजवर तिचं ओझं शून्य. जड नाव म्हणजे तेच वजन कायमचं गळ्यात बांधून घेणं.

आणि हे काही आजचं फॅडही नाही. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हे अमेरिकन लेखक, 'नेसमक' या टोपणनावाने लिहायचे, अंगाने तुमच्याएवढेच, साठी ओलांडलेली, फुफ्फुसाच्या आजाराने खंगलेले. १८८३ मध्ये रशटन नावाच्या नावा बांधणाऱ्याने त्यांना सीडर लाकडाची ९ फुटी कॅनू करून दिली, वजन १०.५ पौंड, म्हणजे पावणेपाच किलोच्या आसपास. तीत बसून दुपाती वल्ह्याने ते न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक भागातल्या तलावांतून २६६ मैल फिरले. ती नाव अजून जपून ठेवलेली आहे. जडच नाव सुरक्षित म्हणणाऱ्यांना मी हे दरवेळी सांगते.

बाकी सामान, पटकन. मी टार्पवाली आहे. ३ बाय ३ मीटरचा टार्प, वल्हं उभं करून त्याचाच खांब, डासांच्या दिवसात खाली जाळी. पण पहिल्याच ट्रिपला उघड्यावर झोप लागणार नाही असं वाटत असेल तर सव्वा किलोच्या आतला एकट्याचा तंबू घ्या, त्यावरून मी भांडणार नाही. दुपाती वल्हं २५० सेंटिमीटरच्या आसपासचं, दोन तुकड्यांत सुटणारं घ्या, एकपाती सोबत असतंच, म्हणजे स्पेअरचा प्रश्नही मिटला. स्पेअर वल्हं वजनासाठी सोडून देणाऱ्यांचं मात्र ऐकू नका, एकटं असताना वल्हं वाहून गेलं तर तिथेच अडकलात. झोपायची बॅग आणि कोरडे कपडे दोन पिशव्यांत, एकात एक. टायटॅनियमचा चमचा घ्या हवा तर, पण नावेचे पैसे बाजूला काढल्यावर.

हां, एक राहिलं. मी हे तलाव आणि संथ पाण्याचं सांगतेय. खडकाळ, धारेच्या नदीत पातळ केवलार घालू नका, तिथे जाड नावच लागते, तेवढ्यापुरतं त्या सीनियरांचं म्हणणं मला मान्य आहे. केवलार किनाऱ्यावर घासत ओढायची नाही, घोटाभर पाण्यात उतरायचं आणि उचलून घ्यायची. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर लाईफ जॅकेट अंगावरच हवं, पॅकवर अडकवलेलं नाही. गार पाण्यात पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास हाताबाहेर जातो, हात नीट चालतात ते जेमतेम दहाएक मिनिटं, तेवढ्यात जॅकेट शोधून घालणं होत नाही. एकटीने उलटी नाव सरळ करून आत चढायची प्रॅक्टिस आधी उथळ, कोमट पाण्यात करा, कोणीतरी काठावर असताना.

नाव घेण्याआधी ती जमिनीवरून एकटीने उचलून डोक्यावर घ्या आणि दहा मिनिटं चालून बघा, विकणारा नको म्हणाला तर दुसरीकडे जा. नावेच्या आडव्या दांडीवरच्या, खांद्यावर टेकणाऱ्या गाद्या तुमच्या मापाला सरकतात का तेही तिथेच बघून घ्या, बहुतेक त्या रुंद खांद्यांसाठी बसवलेल्या असतात आणि लहान चणीच्या माणसाला त्या खांद्याबाहेर टेकतात. मग १५ किलोची नावही ३० ची वाटते आणि लोक म्हणतात बघ, तुला झेपत नाही.