आधी वस्ती मोज

पोरी,

संस्थेचं नाव काय ठेवायचं, नोंदणी आधी की निधी आधी, यावर चार पानं लिहिलीस. नालासोपारा पूर्वेला अंगणवाड्या किती आणि मुलं किती, याची त्यात एक ओळ नाही. आधी वस्ती मोज.

2009 साली नालासोपाऱ्यासह चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या भरली 12 लाख 22 हजार. 2021ची जनगणना झालीच नाही. म्हणजे मधल्या काळात बोचकी घेऊन विरार लोकलमधून उतरलेली कुटुंबं त्या आकड्यात नाहीत. शहरात 50 हजारांमागे एक आरोग्य केंद्र, 400 ते 800 माणसांमागे एक अंगणवाडी, असा निकष आहे. पण आकडाच जुना धरला, तर निकष पाळूनही पोरं बाहेर राहतात.

एखाद्या अंगणवाडी सेविकेकडे जाऊन बस. भाड्याची दहा बाय दहाची खोली, कोपऱ्यात पोषण आहाराची पोती, त्यांवर नोंदवही. तिच्या हद्दीतल्या गरोदर बायकांची नावं तिला तोंडपाठ असतात. मग समोरची नवी चाळ दाखव. ‘ती माझ्यात येत नाही.’ पलीकडची सेविकाही हेच म्हणेल. तुझी संस्था हवी आहे ती या दोघींच्या मधल्या चाळीसाठी.

आम्ही वस्तीतल्या घरांच्या, माणसांच्या याद्या करत फिरायचो तेव्हा लोक हसायचे. नुसते कागद काय रंगवता, एखादा दवाखाना काढा! काढला असता, फीत कापली असती, फोटो छापून आला असता. दवाखाने काढणारे पुष्कळ होते, सगळे स्टेशनला चिकटून. शेअर रिक्षा जिथे संपते त्याच्या पुढे कोणी नव्हतं, आणि हे कळलं यादीमुळेच. (या विषयावर माझा आवाज अजून चढतो. चढू दे.) खंत एवढीच, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी पुरी झाली नाही. देणगीदारांना यादीचा फोटो काढता येत नाही ना!

दहा संस्थांची समन्वय समिती काढायची म्हणतेस. काढ की. पण बैठकीत पुढ्यात काय ठेवणार, चहा-बिस्किटं? यादी ठेवलीस तर कुठे तिघं एकाच गल्लीत वह्या वाटतायत ते त्यांचं त्यांनाच दिसेल. म्हणून म्हणतो, आधी मोज.

संस्था नोंदवायला सात जण लागतात, ते मिळतील. जेवणाच्या वेळा सांभाळ. एका गल्लीची यादी झाली की पाठव, तोवर नावाबद्दल मला विचारू नकोस.