दुर्मिळ शस्त्र जड असलंच पाहिजे का?

वाचकांचे प्रश्न : गेमिंग

प्रश्न : आम्ही तिघं मित्र इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहोत, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी छोटा ऑनलाइन आरपीजी (एक कॅरेक्टर घेऊन त्याला हळूहळू वाढवत न्यायचा गेम) बनवतोय. शस्त्रं सगळी आपल्याकडची, कट्यार, धोप, भाला, दांडपट्टा. कॅरेक्टरची ताकद १० पासून सुरू होते, दर लेव्हलला ३ पॉइंट मिळतात, शेवटची लेव्हल ५०. शस्त्र किती दुर्मिळ ते रंगावरून कळतं, पांढरं सगळ्यात साधं, केशरी सगळ्यात दुर्मिळ. ते वापरायला पांढऱ्या शस्त्राला २० ताकद, हिरव्याला ४०, निळ्याला ६०, जांभळ्याला ९० आणि केशरीला १२० असं ठरवलंय. आमच्यातल्या एकाला हे पटत नाहीये, पण का ते त्याला नीट सांगता येत नाही. तुम्ही सांगा. (तीन वाचक, पुणे)

उत्तर : ज्याला पटत नाहीये त्याचं बरोबर आहे, आणि कारण तुमच्याच आकड्यांत आहे. लेव्हल ५० पर्यंत ४९ वेळा ३ म्हणजे एकूण १४७ पॉइंट मिळणार. १० वरून १२० ताकद करायला त्यातले ११० गेले, उरले ३७. म्हणजे केशरी शस्त्र हातात असलेला प्रत्येक खेळाडू जवळजवळ सारखाच दिसणार, कुणी चपळ नाही, कुणी चिवट नाही, सगळे नुसते बलदंड. आता समजा केशरी तलवार एखाद्याला लेव्हल २५ ला मिळाली. तोवर त्याला ७२ पॉइंट मिळालेत, सगळेच्या सगळे ताकदीत टाकले तरी ८२ होतात. १२० गाठायला लेव्हल ३८ उजाडणार. तेरा लेव्हल ती तलवार पिशवीत घेऊन फिरायचं आणि रोज नुसती बघायची! जी वस्तू मिळाल्यावर माणूस खुर्चीतून उठायला पाहिजे, तीच त्याला टोचत राहते.

मूळ घोळ असा झालाय की दोन वेगळी कुलपं तुम्ही एकाच किल्लीला लावलीत. दुर्मिळपणा म्हणजे किती वाट बघितली, किती नशीब लागलं. ताकदीची अट म्हणजे हे शस्त्र घेण्यासाठी तुम्ही काय सोडायला तयार आहात. पहिल्यात खेळाडूला काही ठरवायचं नसतं, दुसऱ्यात सगळं त्यानंच ठरवायचं असतं. दोन्ही एकाच शिडीवर बसवलं की ज्यानं ती वस्तू मिळवायला आधीच दोनशे वेळा बॉस (मोठा शत्रू) मारलाय त्याच्याकडून पुन्हा दंड वसूल केल्यासारखं होतं.

याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला २००० साली आलेल्या डायब्लो २ मध्ये दिसतं, आणि त्याकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही. तिथे ताकदीची आणि चपळाईची अट शस्त्राच्या रंगावरून ठरतच नाही, शस्त्र मुळात कुठल्या जातीचं आहे त्यावरून ठरते. हायड्रा बो नावाचं धनुष्य घ्या. जमिनीवर पडलेलं साधं पांढरं हायड्रा बो असेल तरी १३४ ताकद आणि १६७ चपळाई, आणि त्याच जातीचं विंडफोर्स हे नावाजलेलं सोनेरी धनुष्य असेल तरी तेवढीच. विंडफोर्सची लेव्हलची अट मात्र वेगळी, ७३. म्हणजे दुर्मिळ वस्तूला ताकद जास्त मागितलेली नाही, फक्त कधीपासून वापरता येईल एवढं वेगळं ठेवलंय.

आणि अजून एक गोष्ट त्याच धनुष्यात बघा. अॅमेझॉनला (त्या गेममधली धनुष्य चालवणारी कॅरेक्टर) चपळाई तशीही वाढवायचीच असते, धनुष्याचा डॅमेज, म्हणजे शत्रूला होणारी इजा, त्यावरच वाढतो, म्हणून १६७ ची अट तिला जाणवतसुद्धा नाही. खरी किंमत आहे ती १३४ ताकदीची. तिची सुरुवातच २० पासून, म्हणजे ११४ पॉइंट अशा गोष्टीत घालायचे जी तिला दुसऱ्या कशालाच फारशी उपयोगाची नाही, आणि तेच पॉइंट व्हायटॅलिटीत (चिवटपणात) गेले असते तर ३४२ लाइफ वाढलं असतं. तेव्हा अट लावताना एवढं बघा, की ती खेळाडू तसाही वाढवणारच आहे अशा गुणावर लावली तर ती अट नाहीच, नुसता आकडा आहे. जे तो सहसा वाढवत नाही त्यावर लावलीत तर मग तो थांबून विचार करतो.

तिथलंच इथीरियल शस्त्रांचं उदाहरण मला फार आवडतं. साध्या प्रतीपेक्षा ती कमी सापडतात, डॅमेज ५० टक्के जास्त आणि ताकद-चपळाईची अट उलट १० नं कमी! पण ती दुरुस्त होत नाहीत, वापरून वापरून एक दिवस मोडणार. दुर्मिळ वस्तू हलकी ठेवली आणि किंमत दुसरीकडून घेतली. असं काहीतरी तुमच्या कट्यारीला करून बघा.

तुम्ही म्हणाल की अट सैल केली तर लेव्हल ५० चा मित्र लेव्हल ५ च्या मित्राला केशरी धोप देईल आणि तो सगळ्यांना झोडपत सुटेल. ही भीती खरी आहे, ऑनलाइन गेममध्ये हे हमखास होतं. पण त्यासाठी ताकद वाढवायची गरज नाही, लेव्हलचं कुलूप वेगळं लावा. ज्या लेव्हलच्या शत्रूकडून ती वस्तू पडते त्याच्या दोन-तीन लेव्हल खालची अट ठेवा, म्हणजे ज्यानं स्वतः मिळवली त्याला ती त्याच रात्री वापरता येईल.

आणि ताकद? ती शस्त्राच्या शरीरावरून काढा ना, तुमच्याकडे तर एवढी सुंदर शस्त्रं आहेत. दांडपट्ट्याची मूठ पंजा आणि मनगट झाकत वर हातापर्यंत जाते, मनगट वळतच नाही, सगळा फिरवा खांद्यातून आणि अंगातून येतो. म्हणजे पट्ट्याला ताकद ३० पुरे पण चपळाई ५० मागा. कट्यार छोटी, जवळून भोसकायची, तिला ताकद १५ खूप झाली. धोप लांब आणि सरळ, ताकद ३५, चपळाई २०. हे आकडे मी अंदाजानं दिलेत, खेळून बघून बदला, पण पांढरा पट्टा असो नाहीतर केशरी, अट तीच राहू दे. ज्याला पट्टेकरी व्हायचंय तो लेव्हल दहापासून तसे पॉइंट लावत जाईल, आणि ज्या दिवशी केशरी पट्टा पडेल त्या दिवशी तो तयार असेल.

केशरीचा डॅमेज पांढऱ्याच्या दुप्पट मात्र ठेवू नका. रंगानुसार एखादा वेगळा गुण द्या, रक्तस्राव, ढाल फोडणं, घोड्यावरच्या शत्रूला जास्त लागणं. एल्डन रिंग या गेममध्ये रंगांची उतरंडच नाही, सामुराई कॅरेक्टरला सुरुवातीला मिळणारी उचिगाताना तलवार लोक शेवटच्या बॉसपर्यंत वापरतात. तिथली अजून एक युक्ती उचलण्यासारखी आहे. शस्त्र दोन्ही हातांनी धरलं की ताकद दीडपट मोजली जाते, त्यामुळे ग्रेटस्वॉर्ड या मोठ्या तलवारीला ३१ ताकद लागते पण २१ वाल्यालाही ती पेलते, फक्त ढाल सोडावी लागते.

प्रश्न : डायब्लो २ रिसरेक्टेडमध्ये माझी सॉर्सेरेस (जादूगारीण) आहे. सगळे सांगतात मोनार्क ढालीत स्पिरिट बनव, म्हणजे ढालीच्या चार सॉकेटमध्ये (खाचांत) ठरावीक रुन्स (जादूचे दगड) बसव. रुन्स आहेत माझ्याकडे, पण ढालीला १५६ ताकद लागते! एवढे पॉइंट घालू का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आत्ता नको. सॉर्सेरेसची ताकद १० पासून सुरू होते, म्हणजे १४६ पॉइंट, साधारण २९ लेव्हलची कमाई. तिला व्हायटॅलिटीच्या एका पॉइंटला २ लाइफ मिळतं, म्हणजे २९२ लाइफ गेलं. बदल्यात सगळ्या स्किल्सना २ आणि २५ ते ३५ टक्के वेगवान कास्टिंग (जादू टाकण्याचा वेग), जे मोठंच आहे, त्यात वाद नाही. गंमत बघ ना, टाल, थुल, ऑर्ट, अम्न या चारही रुन्स अगदी सहज मिळणाऱ्या, दुर्मिळ काहीच नाही, सगळा भार ढालीच्या वजनाचा आहे. हेल नावाच्या रुननं ताकदीची अट कमी होते पण ती बसवायला जागा कुठेय, चारही सॉकेट स्पिरिटनंच भरलेत.

म्हणून आधी त्याच चार रुन्स क्रिस्टल स्वॉर्ड या तलवारीत घाल, तिथे ताकद फक्त ४३ लागते. नंतर ताकद सामानातून येते. एनिग्मा हे रुन्सचं चिलखत लेव्हलमागे पाऊण ताकद देतं, लेव्हल ८० ला ६० झाली, अॅनायहिलस चार्म (पिशवीत ठेवला की गुण वाढवणारा ताईत) अजून १० ते २०. आणि चुकलंच तर २०१० च्या पॅचपासून गेममधली अकारा ही बाई प्रत्येक डिफिकल्टीत एकदा सगळे पॉइंट परत देते, डेन ऑफ ईव्हिल ही पहिली मोहीम केल्यावर. त्यातली एक संधी राखून ठेव.

फक्त सामानातल्या ताकदीवर ढाल घातली असशील तर सांभाळ. मी एकदा पिशवीत जागा करायला ताकदीचा छोटा चार्म स्टॅशमध्ये (सामानाच्या पेटीत) टाकला आणि तसाच निघालो. ताकद १५४ झालेली, ढालीचा चौकोन मागून लाल, तिचा कास्टिंगचा वेगही गेलेला, आणि टेलिपोर्ट मारताना (जादूनं एका जागेवरून दुसरीकडे उडी घेताना) सॉर्सेरेस अशी अडखळत होती की वाटलं नेट गेलंय. दोन पॉइंट कमी पडले तरी ढाल असून नसल्यासारखी, तिथे थोडंसं मिळतं असं काही नाही.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. ऑनलाइन गेममधली 'लेजेंडरी' तलवार कुणाकडून तरी विकत घ्यायला पैसे मागतोय. मला यातलं काही कळत नाही. घेऊन द्यावी का? (एक आई, ठाणे)

उत्तर : ताई, पैसे द्यायच्या आधी त्याच्याजवळ बसा आणि त्याला त्या तलवारीचं वर्णन स्क्रीनवर उघडून दाखवायला सांगा. नावाच्या खाली लेव्हल आणि ताकद असे आकडे असतात, त्यातला एखादा लाल अक्षरात असेल तर आज त्याच्या कॅरेक्टरला ती धरताच येणार नाही. हे बऱ्याचदा मुलांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांना आधी केशरी रंग दिसतो. दुसरं असं की बऱ्याच गेम्समध्ये बाहेर पैसे देऊन वस्तू घेणं नियमात बसत नाही आणि अकाउंटच बंद होऊ शकतं, मग तलवारही गेली आणि त्यानं दोन वर्षं खेळून वाढवलेलं कॅरेक्टरही. तेव्हा अनोळखी माणसाला पैसे अजिबात पाठवू नका. त्याला विचारा की ही तलवार पेलायला तुला अजून किती लेव्हल लागतील. तो मोजायला लागेल, आणि तुम्हालाही बसल्या बसल्या त्याचा गेम थोडा कळेल.