गोल्डची पाटी दारात, अन् मे महिन्यात अंगावर शाल

प्रश्न : आमचं ऑफिस शेंद्र्याकडं आहे, नवी बिल्डिंग, दारातच ग्रीन बिल्डिंगची गोल्ड पाटी. पण मे महिन्यात बाहेर ४२ डिग्री अन् मी आत शाल पांघरून बसते. खिडकी उघडत नाही, पलीकडच्याचं फोनवरचं सगळं बोलणं ऐकू येतं. साहेबांना सांगितलं तर म्हणतात, सर्टिफिकेट काय उगीच मिळतं का मॅडम. आमच्याच तक्रारी जास्त आहेत का हो?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अजिबात नाही ताई. पाटी खरी असेल अन् तुमचा त्रासही खराच आहे. पर्यावरण जपणाऱ्या इमारतींना गुण देऊन अशी पाटी देणाऱ्या लीड, आयजीबीसी, ग्रिहा यांपैकी कुठलीही पद्धत घ्या, गुण वीज, पाणी, जागा, बांधकामाचा माल अशा कितीतरी गोष्टींचे मिळून होतात, आतली हवा-उजेड-आवाज हा त्यातला एक हिस्सा. लीडमध्ये ११० पैकी ६० झाले की गोल्ड, मग एखाद्या बाबतीत बिल्डिंग कच्ची राहिली तरी दुसरीकडून भरून निघतं. २०१३ मध्ये आल्टोमोंटे आणि शियावोन या संशोधकांनी १४४ इमारतींतल्या २१ हजारांवर लोकांची मतं तपासली, त्यातल्या ६५ इमारती लीडवाल्या होत्या, तरी सर्टिफिकेटमुळं लोकांच्या समाधानात म्हणावा असा फरक सापडला नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या अभ्यासात तर माणसाला जागेबद्दल बरं वाटायला सगळ्यात जास्त काय लागतं, तर बसायला ऐसपैस जागा, अन् मग कमी गोंगाट.

आता शालीचं. साहेबांशी इथूनच बोला, कारण आपल्या केंद्र सरकारनंच २०१८ मध्ये ऑफिसांना एसी २४ ते २६ वर ठेवायचा सल्ला दिलाय, आणि शाल लागते म्हणजे वीज फुकट चाललीय, ग्रीनच्या नावाला हेच बरं दिसत नाही. टेबलावर साधं थर्मामीटर ठेवा, सकाळ-दुपारचे आकडे लिहून काढा, एसीच्या झडपेखाली बसणाऱ्यांचे वेगळे, खिडकीजवळच्यांचे वेगळे, खिडकीकडं उन्हानं वेगळाच जाच असतो.

लीडच्या २००९ च्या आवृत्तीत एक ऐच्छिक गुण होता, लोक राहायला आल्यावर ६ ते १८ महिन्यांत गारवा-उकाड्याबद्दल त्यांनाच विचारायचं, अन् २० टक्क्यांहून जास्त नाराज निघाले तर दुरुस्ती करायची. तुमच्याकडं असं कधी विचारलं का ते मेंटेनन्सवाल्यांना विचारा, नसेल तर सगळ्या मजल्याचा फॉर्म तुम्हीच भरून घ्या अन् फोनवर बोलायला दार लागणारी एक खोली त्यातच मागा.