गिटार अँपचा स्पीकर बदलण्याआधी हे बघ

ब्रँड नंतर. आधी जुन्या स्पीकरच्या मागे किती ओहम (विजेला होणारा अडथळा) लिहिलंय ते वाच आणि तेवढ्याच ओहमचा घे. ट्यूब अँपला (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या) तर हे पाळच, आणि स्पीकरची वायर काढलेली असताना अँप चालू करू नकोस. अँपमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्पीकरचे वॅट अँपपेक्षा जास्त असू देत.

आता टोन. तुला नेमकं काय खटकतंय? 'आवाज चांगला नाही' एवढ्यावर स्पीकर निवडता येत नाही. सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक २५ वॅटचा, मिड्स (मधले सूर) उबदार, ट्रेबल (वरचे सूर) टोचत नाही, बेस (खालचे सूर) थोडा सैल. त्यांचाच व्हिंटेज ३० हा ६० वॅटचा. अप्पर मिड्स पुढे येतात, त्यामुळे बँडमध्ये गिटार दबत नाही. पण अँप मुळातच कर्कश असेल तर हा घेऊन पस्तावशील. स्वच्छ, चमकदार क्लीन (न फाटलेला) आवाज हवा असेल तर जेन्सन कंपनीकडे वळ.

सेन्सिटिव्हिटीचा आकडा, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो तो, बहुतेकजण बघतच नाहीत. ग्रीनबॅक ९८ डेसिबल, व्हिंटेज ३० १००. इथे फरक दोनचाच, पण तीन डेसिबलचा फरक म्हणजे अँपची पॉवर दुप्पट केल्यासारखं! घरातच वाजवणार असशील तर कमी आकड्याचाच बरा.

नवा स्पीकर सुरुवातीला जरा ताठर वाजतो, काही तास वाजवल्यावर मोकळा होतो; लगेच विकायला काढू नकोस. बसवताना स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे आवळ, नाहीतर फ्रेम पिळवटते. आणि स्क्रूड्रायव्हर स्पीकरच्या कोनपासून (समोरच्या कागदी पडद्यापासून) लांब धर, चुंबक तो खेचून घेतो.