वाघीण रुळावरून घसरते तेव्हा

नागपूरच्या अजनीहून एका काकांनी विचारलंय: 'कोळशाच्या सात वाघिणी रुळावरून घसरल्या' हा मथळा वाचून माझी पुतणी हबकली. मालगाडीच्या डब्याला वाघीण का म्हणतात? वाघाशी काही संबंध आहे का?

वाघाशी संबंध नाही. पण पुतणीला हसू नका. गोंदिया-बल्लारशा मार्गावर खरेखुरे वाघ रेल्वेखाली आलेले आहेत, तेव्हा विदर्भातल्या मुलीला असा मथळा वाचून जंगलच आठवणार.

वाघीण म्हणजे 'वॅगन'. कानावर पडलेला परका शब्द ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसवायची आपली जुनी खोड. 'रिक्रूट'चा रंगरूट झाला, त्यात रंग कुठला आलाय? वाघिणीचंही तसंच. शिवाय गाडी स्त्रीलिंगी, म्हणून तिच्या पोटातली वॅगनही बाई झाली असावी, असा माझा अंदाज. मालगाडी डरकाळी फोडते म्हणून वाघीण, ही व्युत्पत्ती ऐकायला झकास, पण डरकाळी फोडतं ते इंजिन. वाघीण बिचारी मुकाट ओढली जाते.

नागपूरच्या रेल्वेचा इतिहास पाहिला तर मान या वाघिणीचाच. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर आपल्या वऱ्हाडाकडे वळली. भुसावळहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा १८६७ साली नागपूरला पोचला, त्यामागे कापसाचं गणित मोठं होतं. जमशेदजी टाटांची इथली कापडगिरणी, एम्प्रेस मिल, १८७७ची. स्टेशनची आजची देखणी इमारत मात्र १९२५ची, म्हणजे गाडी आल्यावर ५८ वर्षांनी!

वापरताना एवढं पाहा: वाघीण फक्त मालाची. माणसं बसतात तो डबाच. 'प्रवासी वाघीण' लिहिलंत तर लोक तिकीट काढणार नाहीत. अनेकवचन 'वाघिणी', आणि 'वाघिणीत कोळसा भरला' यातही घि ऱ्हस्वच. बोलताना बहुतेकांच्या तोंडी वॅगनच असते, वाघीण उरलीय ती छापील मराठीत. मथळा देणाऱ्यांनी तिच्याआधी 'मालगाडीच्या' एवढा एक शब्द खर्चावा.

आणि काका, कोराडीच्या वीजकेंद्राकडे कोळसा निघालेला दिसला, की पुतणीला फाटकापाशी उभं करून वाघिणी मोजायला लावा.